दिव्यांच्या उजेडातून तेजोमेघ टिपताना: कोकणातल्या अंगणासाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरीच्या दक्षिण वेशीवर, चिऱ्याच्या गडग्याने वेढलेल्या आमच्या अंगणातून मी गेली काही वर्षे तेजोमेघांची छायाचित्रे घेत आहे. उत्तरेला शहराचा उजेड, कोपऱ्यावर रस्त्याचा दिवा आणि पश्चिमेला माडांची रांग, अशी ही जागा आहे. खालची उत्तरे १७ अंश उत्तर अक्षांश धरून लिहिली आहेत. वेंगुर्ल्याला किंवा अलिबागला उंचीचे आकडे एक-दीड अंशाने बदलतील, बाकी सारे तसेच राहील.

आसपास एवढे दिवे असताना अंगणातून तेजोमेघांचे रंग खरोखर टिपता येतात का?

येतात, मात्र सगळ्याच तेजोमेघांचे नव्हे. मृग नक्षत्रातला मोठा तेजोमेघ, रोझेट, उत्तर अमेरिका तेजोमेघ हे अतिशय विरळ वायूचे ढग आहेत. त्यांच्या पोटातल्या तप्त ताऱ्यांच्या अतिनील किरणांनी हा वायू आयनीभूत होतो आणि मग मोजक्या, ठरावीक तरंगलांबींचाच प्रकाश बाहेर टाकतो. हायड्रोजनची तांबडी रेषा ६५६.३ नॅनोमीटरवर असते, दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनच्या निळसर हिरव्या रेषा ४९५.९ आणि ५००.७ वर, तर गंधकाच्या गडद तांबड्या रेषा ६७१.६ आणि ६७३.१ वर. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड मात्र दृश्य पट्ट्यात सगळीकडे पसरलेला असतो. त्यामुळे या चार-पाच रेषांपुरत्या फटी उघड्या ठेवून बाकीचा प्रकाश अडवला, तर तेजोमेघाचे फारसे काही जात नाही आणि दिव्यांचे बहुतेक सारे जाते. अंगणातल्या छायाचित्रणाचा सगळा डोलारा या एका गोष्टीवर उभा आहे.

ही गोष्ट जुनीच आहे. विल्यम हगिन्स यांनी १८६४ मध्ये कालेय तारकासमूहातल्या एका तेजोमेघाकडे वर्णपटदर्शक रोखला, तेव्हा त्यांना ताऱ्यासारखा अखंड पट्टा न दिसता सुट्या तेजस्वी रेषा दिसल्या. त्यांतल्या हिरव्या रेषा पृथ्वीवरच्या कोणत्याच मूलद्रव्याशी जुळेनात, म्हणून ‘नेब्युलियम’ नावाचे एक मूलद्रव्यच कल्पिले गेले. अखेर १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी ते कोडे सोडवले. तो साधा ऑक्सिजनच होता, फक्त प्रयोगशाळेत साधता येणार नाही इतक्या विरळ अवस्थेतला. विजयदुर्ग किल्ल्यातल्या ‘साहेबाच्या ओट्यां’शी ज्याचे नाव जोडले जाते, त्या १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणातही मुद्दा रेषेचाच होता, हेलियमच्या पिवळ्या रेषेचा.

छायाचित्रातले रंग खरे असतात का? दुर्बिणीतून तर सगळे राखाडीच दिसते.

मंद प्रकाशात आपल्या डोळ्यांतल्या रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी काम करत नाहीत, फक्त दंडपेशी करतात, आणि त्यांना रंग कळत नाही. म्हणून दुर्बिणीतला तेजोमेघ राखाडी दिसतो. मृगातला मोठा तेजोमेघ मात्र पुरेसा तेजस्वी असल्याने मोठ्या दुर्बिणीतून किंचित हिरवट भासतो. कॅमेरा तासन्‌तास प्रकाश साठवतो, त्यामुळे रंग त्याच्या हाती लागतो. हायड्रोजनचा तांबडा आणि ऑक्सिजनचा निळसर हिरवा हे दोन्ही रंग या अर्थाने खरे आहेत.

जेफ हेस्टर आणि पॉल स्कोवेन यांनी १९९५ मध्ये हबल दुर्बिणीतून घेतलेल्या गरुड तेजोमेघातल्या स्तंभांच्या प्रसिद्ध चित्राची गोष्ट वेगळी आहे. तिथे गंधकाला तांबडा, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग ठरवून दिला होता, कारण हायड्रोजन आणि गंधक दोन्ही मुळात तांबडे असल्याने ते एकमेकांपासून वेगळे दिसले नसते. अशा मांडणीत गैर काही नाही, पण चित्राखाली तसे लिहिण्याची सवय असावी असे माझे मत आहे.

कोणता फिल्टर घ्यावा?

साधा रंगीत कॅमेरा असेल तर ड्युअल-बँड फिल्टर घ्यावा. तो हायड्रोजन आणि ऑक्सिजन अशा दोनच फटी उघड्या ठेवतो. कॅमेऱ्याचे तांबडे पिक्सेल एरवी ढोबळमानाने १०० नॅनोमीटर रुंदीचा पट्टा पाहतात. ७ नॅनोमीटरची फट ठेवली की आकाशाचा उजेड साधारण चौदाव्या हिश्शावर येतो आणि हायड्रोजनची रेषा जवळजवळ तशीच पोचते. ३ नॅनोमीटरचा फिल्टर याहून कडक असतो, पण महागही असतो. शिवाय एफ/३ पेक्षा वेगवान (नाभीय अंतर व्यासाच्या तिपटीहून कमी असलेल्या) लेन्सवर किरण तिरपे पडल्याने त्याची फट निळ्या बाजूला सरकते आणि नेमकी हवी ती रेषाच कापली जाण्याचा धोका असतो. सुरुवात करणाऱ्याने ७ नॅनोमीटरवर समाधान मानावे.

जुने, स्वस्त ‘प्रकाश-प्रदूषण’ फिल्टर घेण्याचा मोह टाळावा. ते सोडियमच्या पिवळ्या दिव्यांसाठी केलेले होते आणि त्या दिव्यांचा बराचसा उजेड ५८९ नॅनोमीटरच्या आसपास असे. आता वाडीवाडीत पांढरे एलईडी आले आहेत. त्यांचा उजेड अखंड असून ४५० नॅनोमीटरच्या आसपास निळे शिखर असते, आणि असा उजेड रुंद फिल्टरने गाळून निघत नाही.

हा फिल्टर लावून आकाशगंगा, दीर्घिका, कृत्तिका यांचेही फोटो काढता येतील का?

नाही. कृत्तिकांभोवतीची निळाई ही धुळीवरून परावर्तित झालेला ताऱ्यांचा प्रकाश आहे, आणि देवयानी दीर्घिकेचा प्रकाश मुख्यतः ताऱ्यांचाच आहे. दोन्हींचा वर्णपट अखंड असल्याने फिल्टर दिव्यांबरोबर त्यांनाही अडवतो. त्यांच्यासाठी सामान गाडीत घालून वस्तीपासून दूर एखाद्या सड्यावर जाणे हाच उपाय आहे. कातळावर ट्रायपॉडही छान बसतो.

माझ्याकडे साधा डीएसएलआर आहे. तो चालेल का?

चालेल, पण त्याची मर्यादा ओळखून घ्यावी. कारखान्यातून येणाऱ्या बहुतेक कॅमेऱ्यांत सेन्सरपुढे एक काच असते. माणसांच्या चेहऱ्यांचे रंग नैसर्गिक यावेत म्हणून ती गडद तांबडा प्रकाश कापते आणि हायड्रोजनच्या रेषेचा जेमतेम पाव हिस्सा आत सोडते. मृगातला मोठा तेजोमेघ तरीही उत्तम येतो, पण रोझेट किंवा कॅलिफोर्निया तेजोमेघ फिका पडतो. ही काच बदलून घेता येते. त्यानंतर दिवसाचे फोटो लालसर येतात.

ट्रॅकिंग, म्हणजे ताऱ्यांबरोबर कॅमेरा वळवण्याची सोय, नसेल तर ५०० ला लेन्सच्या नाभीय अंतराने (फोकल लेंथने, मिलिमीटरमध्ये) भागावे, येणारे उत्तर म्हणजे तारे लांबट होण्याआधी मिळणारे सेकंद. लहान सेन्सर असल्यास त्याला आणखी दीडने भागावे. १३५ मिलिमीटरच्या लेन्सला अशा कॅमेऱ्यावर अडीच सेकंद मिळतात. अशा शेकडो फ्रेम एकत्र करून मृगाच्या तेजोमेघाचा पंखासारखा आकार मिळवलेले लोक मला माहीत आहेत. खर्च करायचाच असेल तर तो आधी इक्वेटोरियल माउंटवर (ध्रुवाकडे अक्ष रोखून आकाशाच्या गतीबरोबर दुर्बीण वळवणाऱ्या आधारावर) करावा, दुर्बीण त्यानंतर. ६० ते ८० मिलिमीटर व्यासाची, ३५०-४०० मिलिमीटर नाभीय अंतराची लहान अपवर्तक दुर्बीण अंगणाला पुरून उरते. ३६० मिलिमीटरला लहान सेन्सरवर साधारण पावणेचार बाय अडीच अंशांचे क्षेत्र मिळते, आणि त्यात सव्वा अंशाचे रोझेट मोकळेपणाने बसते.

हल्ली सीस्टार एस-५० सारख्या ‘स्मार्ट’ दुर्बिणींविषयी फार विचारले जाते. ५० मिलिमीटर व्यास, २५० मिलिमीटर नाभीय अंतर आणि आतच बसवलेला ड्युअल-बँड फिल्टर यांमुळे ती दिव्यांच्या उजेडातही पहिल्याच रात्री काहीतरी दाखवते. ज्याला माउंटशी झटापट करण्यात रस नाही, त्याने तीच घ्यावी आणि त्यात कमीपणा मानू नये.

ध्रुवतारा दिसत नाही. माउंट कसे लावावे?

आपल्याकडे ध्रुवतारा क्षितिजापासून फक्त १७ अंश वर असतो, म्हणजे हात लांब करून मूठ धरली तर जेमतेम पावणेदोन मुठी. तिथे कुणाचे घर, कुणाचा आंबा किंवा शहराचा उजेड असायचाच. आमच्याकडे तिन्ही आहेत. यावर उपाय म्हणजे शार्पकॅप किंवा ‘निना’सारख्या संगणक प्रणालींतली पद्धत. त्या आकाशातल्या ताऱ्यांच्या नकाशावरून माउंटचा अक्ष किती चुकला आहे हे मोजून सांगतात. ‘निना’ची तीन बिंदूंची पद्धत तर ध्रुवताऱ्याकडे न पाहताही चालते. मी अंगणात चिऱ्याचा एक बुटका चौथरा बांधून त्यावर ट्रायपॉडच्या तीन पायांच्या खुणा कोरून ठेवल्या आहेत, त्यामुळे दर रात्री फक्त किरकोळ दुरुस्ती उरते.

कोणत्या महिन्यात काय टिपावे?

कोकणातल्या छायाचित्रकाराचे वर्ष ऑक्टोबरमध्ये सुरू होते आणि मे संपता संपता संपते. परतीचा पाऊस गेल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यात रात्री साडेनऊच्या सुमारास हेलिक्स हा ग्रहीय तेजोमेघ (मरत्या ताऱ्याने बाहेर टाकलेल्या वायूचा ढग) दक्षिणेला ५२ अंशांपर्यंत चढतो. त्याच दिवसांत संध्याकाळी हंस तारकासमूहातला उत्तर अमेरिका तेजोमेघ हाताशी असतो. तो उत्तरेकडे ६३ अंशांपर्यंत जातो, पण अंधार झाल्यावर लवकरच तो पश्चिमेला झुकू लागतो, तेव्हा उशीर करू नये. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये शर्मिष्ठेजवळचा हृदय तेजोमेघ आणि ययातीतला कॅलिफोर्निया तेजोमेघ घ्यावेत. हृदय तेजोमेघ ४६ अंशांच्या वर जात नाही आणि उत्तरेला शहर असल्यास तो उजेडातच फसतो. आमच्या अंगणातून मी त्याचा नाद सोडला आहे.

डिसेंबर ते फेब्रुवारी हा मृगाचा काळ. जानेवारीच्या मध्यात रात्री साडेदहाच्या सुमारास मोठा तेजोमेघ ६७ अंशांवर असतो. त्याच्याच वर, मृगाच्या पट्ट्यातल्या पूर्वेकडच्या ताऱ्याखाली घोड्याच्या मुखाचा काळा आकार आणि त्यामागचा तांबडा पडदा असतो. रोझेट मृगाच्या पूर्वेला, थोडे मागून येते.

मार्च-एप्रिलमध्ये मात्र आपल्या अक्षांशाचा फायदा घ्यावा. अगस्त्याच्या पूर्वेला, आणखी दक्षिणेला असलेला कॅरिना तेजोमेघ हा आकाशातला सर्वांत भव्य तेजोमेघांपैकी एक आहे आणि युरोपातून तो दिसतच नाही. एप्रिलच्या मध्यात रात्री पावणेदहाला तो आपल्या दक्षिण क्षितिजावर १३ अंश वर येतो. एवढ्या खाली हवेचा जाड थर आडवा येत असल्याने निळा-हिरवा प्रकाश बराच गळतो, पण तांबडा हायड्रोजन तग धरतो. दक्षिणेला दिवे नसतील आणि ढग अडला नसेल तर दोन तास मिळतात.

धनु राशीतले लगून आणि ट्रिफिड हे तेजोमेघ दैवाने आपल्यावर रुसल्यासारखे आहेत. लगून इथे ४९ अंशांपर्यंत चढतो, म्हणजे पश्चिमेकडच्या देशांना हेवा वाटावा इतका, पण तो रात्रभर दिसण्याचे महिने जून-जुलै आणि तेव्हा आपल्याकडे कौलांवर पावसाचा ताशा वाजत असतो. म्हणून मेच्या मध्यात, पहाटे तीनच्या सुमारास तो सर्वांत उंच येतो तेव्हाच उठावे. आंब्याच्या दिवसांत लोक त्या वेळी जागेच असतात, त्यामुळे सोबतही मिळते.

दव आणि खारी हवा यांपासून सामान कसे वाचवावे?

प्रकाशप्रदूषणावर पुस्तकी उपाय आहेत. कोकणात खरी कसोटी पाण्याची आहे, आणि या दोन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत, कारण हवेतली वाफ दिव्यांचा उजेड विखरून आकाश आणखी पांढरे करते.

माझ्या पहिल्या हिवाळ्यातली एक रात्र सांगतो. दिवसभराचे खारे वारे संध्याकाळी पडले, मतलई वारे अजून सुटले नव्हते, हवा अगदी स्थिर होती. नऊ वाजता फ्रेम स्वच्छ येत होत्या. साडेदहापर्यंत ताऱ्यांभोवती बारीक तेजोवलये दिसू लागली आणि मी ती पातळ ढगांची समजून स्वस्थ बसलो. बाराच्या सुमारास पन्हाळीतून ठिबकण्याचा आवाज आला, पावसाचा नव्हे, कौलांवरून ओघळणाऱ्या दहिवराचा. उठून टॉर्च लावला तर पुढच्या भिंगावर मोहरीएवढ्या थेंबांची जाळी होती आणि माउंटच्या पांढऱ्या रंगावरून पाणी धारेने खाली येत होते. दीड तासाच्या फ्रेम फुकट गेल्या. खरी चूक पुढे झाली. मी भिंग रुमालाने पुसले, टोपी लावली आणि दुर्बीण ओलीच पेटीत ठेवली. मार्चमध्ये भिंगाच्या कडेला बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे निघाले.

भिंग आकाशाकडे तोंड करून असल्याने हवेपेक्षाही थंड होते आणि दव त्यावर आधी पडते. म्हणून दव पडण्याची वाट न पाहता, सुरुवातीपासूनच भिंगाभोवती गरम पट्टी चालू ठेवावी. ती हवेपेक्षा अंश-दोन अंश जास्त ठेवली तरी पुरते. भिंगाच्या पुढे दव अडवणारा नळीसारखा लांब डगला बसवावा. काम संपल्यावर सामान घरात आणून पंख्याखाली तासभर उघडे ठेवावे आणि मगच सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात बंद करावे. पुड्यांचा रंग बदलला की त्या मंद आचेवर कोरड्या कराव्यात, ज्यांना आच चालते त्याच. समुद्रापासून किलोमीटरभराच्या आत राहणाऱ्यांनी केबलच्या टोकांकडे दर महिन्याला पाहावे, कारण मिठाने तांब्यावर हिरवा थर धरतो आणि मग माउंट मध्येच बंद पडते. तो दोष आपण उगाच सॉफ्टवेअरवर ढकलतो.

थंड करणारा कॅमेरा इथे आवश्यक आहे का?

आवश्यक नाही, पण डिसेंबर-जानेवारी सोडले तर उपयोग जाणवतो. सेन्सरमधला औष्णिक गोंगाट तापमान साधारण सहा अंशांनी वाढले की दुप्पट होतो, आणि आपल्याकडे एप्रिलची मध्यरात्रही २६-२७ अंशांची असते. थंड कॅमेरा हवेपेक्षा सुमारे ३५ अंश खाली जातो, पण आपल्या उकाड्यात त्याला उणे दहाचा हुकूम देऊन दमवू नये. शून्य अंश पुरेसे आहे.

प्रत्येक फ्रेम किती वेळाची आणि एकूण किती तास?

ड्युअल-बँड फिल्टर लावून, गाइडिंग (एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची चूक सतत दुरुस्त करणे) चालू असताना, एफ/५ च्या आसपास ३ ते ५ मिनिटांच्या फ्रेम घ्याव्यात. कॅमेऱ्यावर दिसणाऱ्या उजेडाच्या आलेखाचा (हिस्टोग्रामचा) डोंगर डाव्या भिंतीपासून सुटला आहे आणि ताऱ्यांचे मध्य पांढरेफटक झालेले नाहीत, एवढे पाहावे. मृगाच्या तेजोमेघाचा गाभा इतका तेजस्वी आहे की त्यासाठी १० ते १५ सेकंदांचा वेगळा संच घ्यावा लागतो आणि नंतर तो जोडावा लागतो.

एकूण वेळेवर मात्र तडजोड नाही. फ्रेम एकत्र केल्यावर चित्राची स्वच्छता फ्रेमच्या संख्येच्या वर्गमुळाने वाढते. एका तासाच्या दुप्पट स्वच्छ चित्र हवे तर चार तास लागतात, चौपट हवे तर सोळा. दोन प्रतींनी (प्रत हे तेजस्वितेचे माप) अधिक उजळ आकाश म्हणजे सहापटीहून जास्त उजेड; तेवढ्याच दर्जासाठी फिल्टरशिवाय तितकेच पट तास द्यावे लागले असते. मी एका लक्ष्याला कमीत कमी आठ तास देतो. ते एका रात्रीत मिळत नाहीत आणि मिळायची गरजही नाही. तारे दररोज चार मिनिटे लवकर उगवतात, माउंट तेच, चौथरा तोच, तेव्हा आठवडाभर आकाशाचा तोच तुकडा पुन्हा पुन्हा घ्यावा.

चंद्र असताना काम बंद ठेवावे का?

हायड्रोजनसाठी नाही. चंद्रापासून साठेक अंश लांबचे लक्ष्य निवडावे. ऑक्सिजनच्या रेषेला मात्र चंद्रप्रकाश जास्त बाधतो. शिमग्याची पौर्णिमा पालखीसाठी राखून ठेवावी, त्या रात्री गावभर दिवे असतात आणि लक्षही लागत नाही.

समुद्राकडचे आकाश तरी काळे असते ना?

पूर्वी असे. आता एलईडी लावून मासेमारी करणाऱ्या नौका बाहेर असल्या की पश्चिम क्षितिजावर पांढरा पट्टा उठतो आणि त्याचा उजेड बराच वरपर्यंत पोचतो. म्हणून लक्ष्य पश्चिमेला ३० अंशांखाली उतरण्याआधीच थांबावे.

शेजाऱ्यांचा आणि रस्त्याचा दिवा थेट अंगणात येतो. काय करावे?

फिल्टर आकाशातला उजेड गाळतो, पण दुर्बिणीच्या नळीत तिरपा शिरणारा उजेड आत परावर्तित होऊन चित्रावर डाग पाडतो. म्हणून थेट प्रकाश अडवायलाच हवा. बांबूच्या दोन काठ्यांना काळी ताडपत्री बांधून मी कोपऱ्यावरच्या दिव्याकडे आडोसा करतो, आणि तो सर्वांत स्वस्त उपाय आहे.

शेजाऱ्यांना दिवा बंद करायला सांगण्याआधी तो का लावला आहे हे समजून घ्यावे. जांभ्याच्या गडग्यात फुरसे असते आणि पायवाटेवर उजेड ठेवण्याची सवय त्या भीतीतून आली आहे. आमच्या शेजारच्या काकांना मी बंद करा असे कधी म्हटले नाही. “काका, पत्र्याची झाप करून देतो, उजेड तुमच्या पायरीवर जास्त पडेल,” असे म्हटले आणि डब्याचा पत्रा कापून टोपी करून दिली. उजेड खाली गेला आणि काकाही खूश झाले. हाच नियम आपल्यालाही लागू आहे. अंधारात वावरताना बूट घालावेत, आणि जमिनीवरची केबल उचलण्याआधी लाल टॉर्च मारावा.

संगणकावर काय करावे लागते?

लागणारी बरीच साधने मोफत आहेत. डीपस्कायस्टॅकर किंवा सिरिलमध्ये फ्रेम जुळवून एकत्र कराव्यात. त्यासोबत डार्क (टोपी लावून तेवढ्याच वेळाच्या), फ्लॅट (एकसारख्या उजळ पृष्ठभागाच्या) आणि बायस (टोपी लावून सर्वांत कमी वेळाच्या) फ्रेम द्याव्यात. फ्लॅटसाठी नळीवर पांढरा सुती कपडा ताणून पहाटेच्या उजळत्या आकाशाकडे रोखले तरी चालते. अंगणात एका बाजूने उजेड जास्त असल्याने चित्राची एक कड उजळ आणि दुसरी काळी येते, तेव्हा ग्रॅक्सपर्ट (GraXpert) या प्रणालीने हा उतार आधी काढावा. तो न काढता रंग ताणले, तर लोक तेजोमेघ पाहतात की रत्नागिरीचा उजेड, हे सांगता येत नाही. उतार काढताना पार्श्वभूमीचा नमुना म्हणून ठेवलेली खूण तेजोमेघावर पडू देऊ नये, नाहीतर त्याचाच बाहेरचा मंद पदर पार्श्वभूमी समजून पुसला जातो.

पावसाळ्यात सामानाचे काय करावे?

जूनच्या पहिल्या आठवड्यात सगळे पुसून, बॅटरी अर्धी भरून, डब्यात नवी सिलिका घालून बंद करावे. दर पंधरा दिवसांनी कोरड्या दुपारी डबा उघडून माउंट दहा मिनिटे चालवावे, म्हणजे ग्रीस बसत नाही. बाकी वेळ जुन्या फ्रेम पुन्हा एकदा सुरुवातीपासून जोडण्यात घालवावा. गेल्या वर्षी जुलैत मी तीन हिवाळ्यांच्या रोझेटच्या फ्रेम एकत्र केल्या, तेव्हा एकट्या संचात न दिसलेली ऑक्सिजनची निळाई मधल्या पोकळीत पहिल्यांदा उमटली.